नकलेची निंदा आणि सुट्या भागांचा भाव : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

#धागा

‘उल्हासनगरचा माल’ हा शब्दप्रयोग मराठीत जवळजवळ शिवीसारखा रूढ झाला आहे. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद लोकलच्या डब्यात कित्येक दशके सांगितला जात आहे आणि प्रत्येक सांगणाऱ्याला तो स्वतःलाच सुचला असे वाटते. अलीकडे हाच विनोद एका नव्या वर्तुळात शिरला आहे. जुने घरगुती संगणक दुरुस्त करणारे, त्यांना नवी स्मृती, मेमरी कार्ड, नवा वीजपुरवठा जोडणारे हौशी तरुण सुट्या भागांच्या चढत्या किमतींनी बेजार आहेत. या महागाईचे निदान करताना दोन उत्तरे हमखास दिली जातात : संग्राहकांनी साठे केले, आणि बाजार ‘उल्हासनगरी’ मालाने भरला.

दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. कारण म्हणून मात्र ती टिकत नाहीत. दुसरे तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळीच खपवून घेऊ नये.

आधी यंत्र पाहू. १९८२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आला. १६ के स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना, ४८ के स्मृतीचे १७५ पौंडांना. घरातल्या दूरदर्शन संचाला जोडायचा, कॅसेट रेकॉर्डरवरून प्रोग्राम भरायचा. १९८६ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने याच घराण्यातला स्पेक्ट्रम प्लस परवान्याने भारतात आणला. नाव ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. काही हजार यंत्रे विकली गेली आणि १९९० च्या सुमारास तो बाजार विझला. त्याच दशकात, १९८४-८५ पासून, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो पोहोचले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. भारतातल्या एका पिढीच्या संगणकशिक्षणाचे मूळ साधन हे आहे. नालंदाच्या ग्रंथालयाबद्दल हळहळणाऱ्या पिढीने या साधनाबद्दलही थोडी हळहळ राखून ठेवावी.

आता अशा एका यंत्राला चाळीस वर्षांनी पुन्हा उभे करण्यासाठी काय लागते? विजेचे धारक सुकलेले असतात, ते बदलावे लागतात. कळफलकाखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा ठिसूळ होऊन तडकलेला असतो. वीज नियंत्रित करणारा ७८०५ हा भाग प्रचंड तापतो. त्याच्या जागी थंड चालणारा नवा भाग बसवणे शहाणपणाचे. कॅसेट तर बहुधा बुरशीने खाल्लेली, म्हणून मेमरी कार्डवरून प्रोग्राम भरणारे जोडयंत्र हवे. आणि मग स्मृती. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ के स्मृतीत ४११६ जातीच्या आठ चिप असतात. त्यांना एक नव्हे तर तीन वीजदाब लागतात : अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ व्होल्ट. हे दाब तयार करणाऱ्या साखळीतला एक छोटा ट्रान्झिस्टर, झेडटीएक्स ६५०, मेला की उणे ५ व्होल्ट नाहीसा होतो आणि आठातल्या काही चिप त्याच्यासोबत सती जातात. दोन पैशांच्या भागाने महागड्या भागाला मारावे, ही या यंत्राची जुनी खोड.

वरच्या ३२ के स्मृतीची कथा याहून मनोरंजक आहे, आणि सगळा वाद तिच्यापाशीच निकालात निघतो.

१९८२ साली ६४ किलोबिटच्या स्मृती-चिप महाग होत्या. कारखान्यांत तयार होणाऱ्या अनेक चिपचा अर्धा भाग तपासणीत नापास होई. सिंक्लेअरने या अर्ध्या नापास चिप स्वस्तात उचलल्या. वरचा अर्धा चालतो की खालचा, याप्रमाणे त्यांची वर्गवारी होई, आठही चिप एकाच जातीच्या बसवल्या जात, आणि सर्किट बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने यंत्राला सांगितले जाई की कोणता अर्धा वापरायचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिमानाचा विषय ठरलेला हा संगणक, म्हणजे, ‘सेकंड’च्या मालावर उभा होता. उल्हासनगरच्या जपानी बाजारात ‘एक्स्पोर्ट रिजेक्ट’ म्हणून कापड विकणाऱ्या दुकानदाराने हेच केले असते तर त्याच्या नावाचा विनोद झाला असता. केंब्रिजमध्ये केले म्हणून ती कल्पक अभियांत्रिकी ठरली.

ती होतीच कल्पक अभियांत्रिकी. मुद्दा एवढाच की कल्पकता ओळखण्याचा मापदंड कल्याणच्या पुढे गेल्यावर बदलू नये.

उल्हासनगरचा जन्म आठवावा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी वसवली गेली. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून वसाहतीला नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘कॅम्प नंबर पाच’पर्यंतचे पत्ते आजही त्या छावणीची आठवण वागवतात. शेत, घर, पेढी सारे मागे टाकून आलेल्या माणसांकडे भांडवल नव्हते. होते ते हात आणि बाजाराची जाण. ज्या वस्तूचे मूळ विकत घेणे परवडत नाही, ती उघडून पाहायची, तिच्यासारखी स्वस्तात करायची, हा मार्ग त्यांना हौसेने सुचलेला नाही. आणि मूळ वस्तू का परवडत नव्हती? कारण १९९१ च्या सुधारणांपूर्वी भारतात आयातशुल्काचा कमाल दर ३०० टक्क्यांहून अधिक होता. त्या वर्षीच्या जुलैच्या अर्थसंकल्पाने तो १५० टक्क्यांवर आणला आणि त्याला उदारीकरण म्हटले गेले. दिल्लीने मूळ वस्तूभोवती भिंत बांधली, भिंतीच्या सावलीत नकलेचा बाजार उगवला, आणि निंदा झाली सावलीत बसलेल्यांची.

शेजारच्या अंबरनाथात त्याच काळात, १९५० च्या दशकात, संरक्षण खात्याचा यंत्र-हत्यारांचे नमुने घडवणारा कारखाना उभा राहिला. परदेशी यंत्र पाहून त्याबरहुकूम देशी यंत्र घडवणे याला तिथे स्वावलंबन म्हणत. दोन रेल्वे स्थानकांमधले अंतर दोन किलोमीटर.

नकलेच्या बाजूने याहून मोठा पुरावा जगाच्या इतिहासात आहे, आणि तो थेट स्पेक्ट्रमचाच आहे. या यंत्राचा मेंदू म्हणजे झेड८० प्रोसेसर, पण त्याचे रहस्य दुसऱ्या चिपमध्ये होते. मँचेस्टरच्या फेरांटी कंपनीने सिंक्लेअरसाठी बनवलेली ही चिप यूएलए म्हणून ओळखली जाते. चित्र, ध्वनी, कळफलक, कॅसेट, स्मृतीचे वेळापत्रक, सारे ती एकटी सांभाळते. ती बाजारात सुटी मिळत नसे. सोव्हिएत संघात परवाना नव्हता, फेरांटी नव्हती. तिथल्या अभियंत्यांनी ही चिप काय करते ते शोधून काढले आणि तिचे काम साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या लॉजिक चिपच्या ओळींनी करून घेतले. ‘लेनिनग्राड’, ‘पेंटागॉन’ अशी यंत्रे त्यातून निघाली. चेकोस्लोव्हाकियात ‘डिडाक्टिक’ निघाला. ब्राझीलमध्ये मायक्रोडिजिटलने ‘टीके ९०एक्स’ काढला. नैतिक प्रमाणपत्र कोणी काही द्यावे, पण परिणाम पाहावा : साध्या लॉजिक चिपवर बांधलेले लेनिनग्राड यंत्र आजही कोपऱ्यावरच्या दुकानातल्या भागांनी दुरुस्त होते. भारताने परवाना घेतला. परवान्याबरोबर यंत्र आले, त्याचे आतले ज्ञान आले नाही. त्यामुळे पुण्याच्या यंत्रातली यूएलए जळाली की तिच्या जागी बसवायला भारतात काहीही नाही.

डेसिबेल्सने परवाना घेतला हा त्यांचा दोष नव्हे. कायदा पाळणाऱ्या उद्योगाने दुसरे करावे तरी काय? प्रश्न आहे तो नंतरच्या पस्तीस वर्षांतल्या बौद्धिक आळसाचा. ब्रिटनमध्ये ख्रिस स्मिथ यांनी यूएलएची चिप आतून वाचून काढली आणि २०१० साली तिच्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यांचाच ‘हार्लेक्विन’ हा आराखडा साध्या लॉजिक चिपने पूर्ण स्पेक्ट्रम उभा करून दाखवतो. वस्तू उघडणे, समजून घेणे, तशीच दुसरी करणे : इंग्लंडमध्ये या कृतीला संशोधन म्हणतात. कॅम्प नंबर तीनमध्ये तिला डुप्लिकेट म्हणतात.

आता भाव का चढले याकडे वळू. पहिली गोष्ट, ही महागाई नवी नाही. १९८६ साली अमेरिका आणि जपान यांच्यात अर्धवाहकांचा करार झाला. जपानी स्मृती-चिप पडेल भावाने विकल्या जाऊ नयेत, हा त्याचा एक हेतू. पुढच्या दोन वर्षांत स्मृतीचा तुटवडा पडला आणि १९८८ साली घरगुती संगणकाची स्मृती वाढवणे पाश्चात्त्य देशांतही चैन झाली. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निहामा येथील सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर आवरण घालण्याच्या राळेचा जगातला मोठा हिस्सा तिथे बनत असे, म्हणून स्मृतीचे भाव पुन्हा उसळले. भारतात त्याआधीच, १ आणि ३ जुलै १९९१ रोजी, दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला होता. १९८६ साली तो साडेबारा रुपयांच्या घरात होता आणि २०२४ साली ८३ च्या पुढे. बाकी सर्व स्थिर राहिले असते तरी परदेशी भाग रुपयांत साडेसहा पट महाग झाला असता. साठेबाज संग्राहकाला एवढे श्रेय देण्याचे कारण नाही.

दुसरे कारण अलीकडचे आहे. एप्रिल २०२४ मध्ये झायलॉग कंपनीने मूळ झेड८० प्रोसेसरचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. शेवटच्या मागण्या १४ जून २०२४ पर्यंत. १९७६ पासून सलग बनत आलेली चिप अठ्ठेचाळीस वर्षांनी बंद झाली. त्याच वर्षी एएमडीने झायलिंक्सच्या जुन्या, लहान, प्रोग्राम भरता येणाऱ्या चिपच्या मालिका बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या संगणकांच्या जोडयंत्रांचा कणा त्याच होत्या, आणि कारण साधे आहे : जुने यंत्र ५ व्होल्टवर बोलते, नव्या चिप ३.३ किंवा त्याहून कमी व्होल्टवर. ५ व्होल्ट सहन करणारी चिप नसेल तर मध्ये दुभाषे बसवावे लागतात. दुभाषे वाढले की भाग वाढले, बोर्ड मोठा झाला, सोल्डरचे सांधे वाढले, तपासणी वाढली. किंमत अशीही चढते, कोणाचा लोभ नसताना. त्यात गेल्या काही महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी जगाची स्मृती गिळायला घेतली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला ‘क्रूशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा धंदाच आवरता घेण्याचे जाहीर केले.

ही झाली जगाची कारणे. तिसरे कारण अस्सल देशी आहे आणि रागाचा खरा रोख तिकडे हवा.

मार्च १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. त्याअन्वये टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत चिपवरचे मूळ सीमाशुल्क शून्यावर आले. ऐकायला उत्तम. पण ही सवलत उपभोगतो तो हजारोंनी भाग मागवणारा, आयात परवाना आणि कागदपत्रांचा दलाल असलेला कारखाना. बदलापुरातल्या दोन खोल्यांच्या घरात मेमरी कार्डाची जोडयंत्रे बनवणाऱ्या तरुणाची कल्पना करावी. त्याला पाच चिप हव्यात. समजा एक चिप ४०० रुपयांची आणि कुरिअर, मंजुरी, हाताळणी मिळून ४,००० रुपये. हजार चिप घेणाऱ्याला हा भार नगामागे ४ रुपये पडतो. पाच घेणाऱ्याला ८०० रुपये. भागाच्या किमतीपेक्षा भागाच्या प्रवासाची किंमत दुप्पट! चिप तयार बोर्डावर बसून, त्याच्या वैयक्तिक नावाने आली तर सीमाशुल्काच्या तक्त्यातले ९८०४ हे निराळे शीर्षक वाट पाहत असते. वस्तू काय आहे, याहून ती कोणासाठी आली याला तिथे अधिक वजन. परदेशातल्या मित्राने जुनी चिप भेट म्हणून पाठवावी म्हटले, तर १२ डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून वस्तू मागवणेच बंद आहे. अपवाद दोन : जीवनरक्षक औषधे आणि राखी. राखीला सूट मिळाली याचा आनंदच आहे. तिच्या आत झेड८० गुंडाळता येत नाही एवढेच.

मग उरतो लॅमिंग्टन रोड. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी ६८ किलोमीटर. रविवारच्या मेगाब्लॉकमधून वाट काढत तिथे पोहोचल्यावर जे मिळते ते बहुधा भंगारातून सोडवलेले, कधी वरची छपाई खरवडून नवे नाव छापलेले. नकली चिप हा खरा उपद्रव आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा घेतल्या तर त्यातल्या किती चालतील ते तपासणीयंत्राशिवाय कळत नाही, आणि वाया गेलेल्यांची किंमत शेवटी चालणाऱ्यांच्या किमतीत मिळवावी लागते. पण हा क्रम उलटा वाचू नये. अस्सल चिप बनणे थांबले, तिचा प्रामाणिक मार्ग महाग झाला, म्हणून नकली चिप विकली जाते. १९८० च्या दशकातल्या आयातशुल्काने जे केले तेच आता पार्सलाच्या नियमांनी चालवले आहे. शिवाय छपाई खरवडणाऱ्याची आणि यंत्र समजून घेऊन नवे घडवणाऱ्याची एकाच शब्दात बोळवण करणे हा भाषेचा गुन्हा आहे. एक ग्राहकाला फसवतो, दुसरा वस्तूला जगवतो.

कायद्याची दृष्टी याहून विलक्षण. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू पुरातन ठरण्यासाठी किमान शंभर वर्षे हवीत, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव सांगतो. ते मंदिर संरक्षित आहे आणि असायलाच हवे. १९८६ चा डीबी स्पेक्ट्रम संरक्षणाच्या विचारालाही पात्र होईल तो २०८६ साली. तोवर तो काय? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या भाषेत, मालकाने टाकून दिला की कचरा. वापरलेले संगणक परवानगीविना देशात आणता येत नाहीत, म्हणून परदेशातून मोडके यंत्र आणून त्याचे अवयव इथल्या यंत्राला लावण्याचा रस्ताही बंद. परदेशी कचरा इथे ओतला जाऊ नये हा नियमाचा हेतू रास्त आहे. वालधुनी नदीकाठच्या माणसाला कारखान्यांच्या सांडपाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण जहाजभर भंगार आणि एक जुना सर्किट बोर्ड यांत फरक करता न येणे ही दक्षता नव्हे, ती सरकारी आंधळेपणाची नेहमीची जात आहे.

‘मग चालत नाही तर नाही, चित्र काढून ठेवा, संगणकावर त्याचे अनुकरण करणारे प्रोग्राम आहेतच’, असे म्हणणारे शहाणे भेटतात. अनुकरणाच्या प्रोग्रामवर चालवायला आधी कॅसेटमधले मूळ वाचावे लागते. एखाद्या शाळेच्या कपाटातल्या कॅसेटवर, फ्लॉपीवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले काही असेल, तर ते वाचणारे यंत्र, त्याला जोडणारा फलक, त्यातली ५ व्होल्टची चिप, हीच त्या काळाच्या दफ्तरखान्याची किल्ली आहे. मोडी येणारा माणूस संपला तर पेशवे दफ्तर कागदाचा ढीग होईल, हे इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. इथे मोडी वाचणाऱ्याच्या चष्म्यावर शुल्क लागते आहे.

मागण्या फार नाहीत. तीस वर्षांहून जुन्या संगणकांच्या दुरुस्तीसाठी ठरावीक संख्येपर्यंतचे भाग व्यक्तीलाही कारखान्याच्याच दराने यावेत. एका जुन्या यंत्राला आणि एका कंटेनरभर भंगाराला वेगळे कागद असावेत. परवान्यावर बनलेल्या भारतीय यंत्रांचे आराखडे ज्यांच्या कपाटांत आहेत त्यांनी ते एखाद्या विद्यापीठाला द्यावेत. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जी हाताची विद्या शिल्लक आहे, तिला आयटीआयच्या अभ्यासक्रमात ‘दुरुस्ती’ या विषयाचा मान मिळावा.

तोवर, कोणाच्या घरी माळ्यावर काळ्या कळफलकाचे एखादे यंत्र सापडले, तर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी खालचे स्क्रू सोडवून झाकण उघडावे. चाळीस पायांची मोठी चिप दिसेल, तिच्यावर ‘६सी००१’ हा क्रमांक आहे का पाहावे. असल्यास ती हाताने उपटू नये. बोर्डाची दोन्ही बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे काढावीत, कॅसेट उन्हात ठेवू नयेत, आणि चाचणी म्हणून थेट वीज तर मुळीच जोडू नये. उणे ५ व्होल्ट गेलेला असेल, तर उरल्यासुरल्या ४११६ चिप त्या एका मिनिटात जातील.